क्वेरी फसली? आधी एरर वाच

घाबरू नकोस, क्वेरी म्हणजे शोधाची मागणी फसली की येणारा लाल मजकूर बघून सुरुवातीला सगळ्यांचीच तारांबळ उडते. देवगडात बसून जमिनीचे जुने कागद इलॅस्टिकसर्चमध्ये (मजकूर शोधून देणारं सॉफ्टवेअर) चढवताना मीही दोन रात्री घालवल्यात, लाईट गेली ती वेगळीच.

आधी एररचा आकडा बघ. ४०० म्हणजे बहुतेक वेळा क्वेरीच चुकली. ४०४ म्हणजे इंडेक्सचं, म्हणजे कागद साठवलेल्या संचाचं, नाव तपास. मग एररमधली 'रीझन'ची, म्हणजे कारणाची, ओळ शेवटपर्यंत वाच. नवे लोक इथेच फसतात, न वाचताच कंस हलवत बसतात.

आपल्याकडचा हमखास घोळ सर्व्हे नंबर आणि हिश्श्याचा. क्वेरी स्ट्रिंगमध्ये (एका ओळीत लिहिलेल्या शोधात) नुसतं ४५/२ टाकलंस की ती तिरपी रेघ इंजिनला रेग्युलर एक्स्प्रेशनची (अक्षरांच्या नमुन्याने शोधायच्या सूत्राची) सुरुवात वाटते. जोडीची दुसरी रेघ सापडली नाही की बोंब मारतं. आकडा दुहेरी अवतरणात घाल, सुटलं.

एरर नाही, पण निकाल शून्य? टेक्स्ट फील्डवर (शब्द सुटे करून साठवलेल्या मजकुरावर) टर्म क्वेरी मारली असशील, ती दिलेलं जसंच्या तसं शोधते. मॅच क्वेरी वापर, ती शोधायचा मजकूरही तसाच सुटा करते. तरीही 'सातबाऱ्याचा' सापडेना, तर त्यातला अर्धा र बघ. तो दोन तऱ्हांनी टाईप होतो. डोळ्यांना सारखाच, इंजिनला वेगळा. मला हे कळायला महिना लागला!

शार्ड (इंडेक्सचे तुकडे), स्कोअरिंग (निकालांना गुण देणं) वगैरेला सध्या हात लावू नकोस. लांबलचक क्वेरी अडली तर एकेक अट काढत जा. जी काढल्यावर चालली, चोर तीच. तरीही अडलास तर क्वेरी आणि अख्खी एरर पाठव. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर.