हणजूणच्या बाजारातला 'एक्स्पोर्ट सरप्लस' ब्रँडेड टी-शर्ट खरा असतो का?

गोव्यातल्या हणजूणच्या बुधवारच्या बाजारात लाकोस्टचा (मगरीच्या चिन्हाचा महागडा ब्रँड) पोलो, म्हणजे कॉलरवाला टी-शर्ट, ९०० रुपयांना मिळतोय, दुकानदार 'एक्स्पोर्ट सरप्लस' म्हणजे निर्यातीतून उरलेला माल म्हणतोय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. ओरिजिनल समजून घेऊ नका. आवडला तर साधा टी-शर्ट म्हणून घ्या आणि त्याच हिशोबाने भाव करा.

म्हापशात माझं अल्टरेशनचं काम आहे. बाजू आत घ्यायला, लांबी कमी करायला खरे आणि नकली दोन्ही कपडे माझ्याकडे येतात. लेबल, टॅग, पिशवी, बारकोड सगळं हुबेहूब छापून मिळतं. नक्कल करणारा पैसे वाचवतो ते शिवणीत, कारण गिऱ्हाईक तिथे बघत नाही. म्हणून कपडा हातात आला की आधी उलटा करा.

लाकोस्टच्या क्लासिक पोलोवरची मगर वेगळी भरून मग कापडावर बारीक टाक्यांनी बसवलेली असते. आतून पाहिलं तर तिची नुसती पुसट कडा दिसते. नकलीत बहुधा मगर थेट कापडावरच भरतात, त्यामुळे मागे धाग्यांचं जाळं आणि कागदी अस्तराचा चौकोनी तुकडा सापडतो. मग बटणं बघा. त्या पोलोला शिंपल्याची दोन भोकांची बटणं असतात. गालाला लावली की गार लागतात, आणि प्रत्येकाची चमक थोडी वेगळी दिसते. प्लॅस्टिकची सगळी एकसारखी असतात आणि लगेच कोमट होतात.

शर्ट असेल तर टेप लावून एका इंचातले टाके मोजा. साध्या शर्टाला दहा-बारा येतात, चांगल्या महागड्या शर्टाला अठरा-वीसपर्यंत. चौकड्याचा शर्ट असेल तर खिशावरची चौकट खालच्या कापडाशी जुळते का ते पाहा. ती जुळवायची तर कापड वाया जातं, आणि स्वस्तात काम उरकणारा कापड वाया घालवत नाही. काजाच्या आत लोंबणारे धागे, कॉलरच्या टोकाला फुगलेला बुकरम (आतलं कडक अस्तर), बाजूला जेमतेम माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड), यातलं काही दिसलं की मला नकलीचा संशय येतो. माया इतकी कमी ठेवलेली असते की शर्ट घट्ट झाला तरी सैल करून देता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला ते सांगताना मलाच वाईट वाटतं.

'सरप्लस'बद्दल एवढंच की खरा सरप्लस असतो, तमिळनाडूतल्या तिरुपूरसारख्या ठिकाणी निर्यातीसाठी शिवलेला माल उरतो. पण तो उरलेला माल असतो, म्हणजे साइझ तुटक, रंग मोजके, कुठे डाग, कुठे चुकलेली टीप, आणि पुष्कळदा लेबल कापलेलं. ज्याच्याकडे एकाच डिझाइनचे सगळे रंग, सगळ्या साइझमध्ये, नव्या टॅगसकट मिळतात, त्याच्याकडे सरप्लस कसला? तो माल ब्रँडच्या नावाने विकायला मुद्दाम शिवून घेतलेला आहे. हडफड्याच्या शनिवारच्या बाजारातही हेच पाहून घ्या.

गोव्यात आलाच आहात तर आणखी एक सांगते, हे मला मनापासून लागतं. कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स (पद्मश्री २०१४, निधन २०२०) यांनी इथल्या कुणबी साडीच्या विणकामाला पुन्हा जीव दिला. आता तिच्या नावाने तांबडे-पांढरे चौकडे नुसते छापून विकतात. ती ओळखणं सोपं आहे, कापड उलटं करा. छापलेल्याची मागची बाजू फिकी असते, विणलेल्यात रंग दोन्हीकडे सारखाच. पण यंत्रमागाची साडीही विणलेलीच असते, म्हणून किनारीजवळ ताणकाठीच्या (विणताना कापड ताणून धरणारी काठी) टाचण्यांची बारीक भोकं आणि विणीतला किंचित चढउतार शोधा, 'हँडलूम मार्क' (हातमागाच्या कापडाची सरकारी खूण) आहे का ते विचारा. विणकराच्या पोटावर येणारी ही नक्कल मला मगरीच्या नकलेपेक्षा जास्त डाचते.

कुठेही घ्या, बिल मागा, आणि बिलावर ब्रँडचं नाव लिहून घ्या. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी लागते, ती नसेल तर सोडून द्या. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याखाली नकली माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, म्हणूनच लेखी द्यायला ते का-कू करतात. बिलावर ओरिजिनल म्हणून विकलेलं नकली निघालं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.