दरवाजे बंद होत आहेत

प्रश्न: माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान होऊन वर्ष झालं. तहान लागली की तो मलाच विचारतो, "तुला पाणी हवंय का?" कुणाकडे गेलो की थोड्या वेळानं लिफ्टमधलं "दरवाजे बंद होत आहेत" सुरू करतो, ते थांबतच नाही. थेरपिस्टनी चित्रांची कार्डं सुचवलीत. सासूबाई म्हणतात, कार्डं दिलीत तर तो बोलायचे कष्टच घेणार नाही. पाच वर्षांनंतर बोलणं येत नाही, असंही ऐकलंय.

उत्तर: आधी माझी फजिती सांगते. नवखी असताना मी एका मुलासमोर चेंडू धरून म्हणायचे, "बॉल म्हण." आठवड्याभरात तो दारातूनच म्हणू लागला, "बॉल म्हण." मी म्हटलं, "अरे, नुसतं बॉल." तो म्हणाला, "अरे, नुसतं बॉल." मी चिडले होते, खोटं कशाला बोलू! पण चूक त्याची नव्हतीच. चेंडू मिळण्याआधी जे कानावर पडायचं, तेच तो म्हणत होता.

तुमच्याकडेही तेच. "तुला पाणी हवंय का?" ऐकू आलं की मागोमाग पेला येतो, हे त्यानं हेरलंय. ऐकलेलं असं जसंच्या तसं पुन्हा म्हणण्याला एकोलेलिया म्हणतात. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यातही हे आणि 'मी'च्या जागी 'तू' येणं नोंदवलेलं आहे. म्हणून "असं नाही, नीट बोल" नको. प्रश्न कमी करा. पेला देताना त्याच्या बाजूनं वाक्य म्हणा, "मला पाणी हवंय," आणि मनात दहा आकडे मोजत थांबा. तो काही म्हणाला नाही तरी पाणी द्यायचंच. तहान अडवून भाषा शिकवू नये.

कार्डं जरूर द्या. त्यानं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काही मुलांचं उलट थोडं वाढतं. चित्राचं कार्ड देऊन वस्तू मागायला शिकवणाऱ्या, १९८५ पासूनच्या पेक्स पद्धतीत सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, हवी ती वस्तू घेऊन. दुसरं मुलाच्या पाठीशी, तोंडातून अवाक्षर न काढता त्याचा हात पुढे नेणारं. मुलानं कार्ड समोरच्याच्या हातात ठेवायचं. सगळी मेख त्या हातात ठेवण्यात आहे: मागायचं तर माणसाकडे वळावं लागतं. ते पाठीशी बसायचं काम सासूबाईंनाच द्या.

पाच वर्षांची भीती सोडा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चौथ्या वर्षी भाषेत खूप मागे असलेली ५३५ ऑटिस्टिक मुलं आठ वर्षांची किंवा त्याहून मोठी झाल्यावर पाहिली. ७० टक्के मुलं शब्द जोडून बोलू लागली होती, ४७ टक्के सफाईनं बोलत होती. झाली नसेल तर श्रवणचाचणी करून घ्या. येत असलेले शब्द गेले असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

आता ती लिफ्ट. मला सर्वांत कुतूहल तिचंच आहे. 'कुणाकडे गेलो की थोड्या वेळानं' हे तुम्हीच लिहिलंय. दार बंद झालं की माणसं निघतात. तो बहुधा "निघूया" म्हणतोय. पुढच्या वेळी पहिल्यांदा म्हणाला की लगेच "निघूया, घरी जायचंय" म्हणा आणि खरंच उठा. गप्पा अर्ध्या राहिल्या तरी. तो थांबला, तर अर्थ लागला. नाही थांबला, तर माझा अंदाज चुकला. मग आधी काय घडलं, तो कुठे पाहत होता आणि कशानं थांबला, एवढं वहीत टिपून पुन्हा लिहा.