अ‍ॅक्सेसमधल्या एन्ट्र्या बोलून करता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पतसंस्थेत सभासदांची माहिती मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये भरता, मनगट दुखतंय म्हणून डॉक्टरांनी टायपिंग कमी करायला सांगितलंय. मग हे काम बोलून होईल का आणि त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

होईल. पण सॉफ्टवेअरवर पैसे घालण्याआधी तुमचा फॉर्म, म्हणजे माहिती भरायचा पडदा, ज्याने बनवलाय त्याला गाठा. मी लहान संस्थांना असेच डेटाबेस बनवून देतो. आवाज न ओळखल्यामुळे जेवढं अडतं, त्याहून जास्त फॉर्ममुळे अडतं.

आधी सॉफ्टवेअरचं उरकतो. हुकूम देणं (पुढच्या रकान्यात जा, सेव्ह कर) आणि मजकूर सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. हुकमांसाठी विंडोज 11 मध्ये व्हॉइस अ‍ॅक्सेस आहे, फुकट. त्यात भारतीय इंग्रजी निवडता येतं आणि भाषा एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. मराठी त्याला कळत नाही. मराठी मजकुरासाठी विंडोज की आणि एच दाबून व्हॉइस टायपिंग सुरू करा. ते मराठी बऱ्यापैकी लिहितं, फक्त नेट चालू हवं. दोघंही एकाच वेळी कान देऊन बसले तर गोंधळ ठरलेला, म्हणून मराठी बोलण्याआधी ‘व्हॉइस अ‍ॅक्सेस स्लीप’ म्हणा. ड्रॅगन हे बोलून टाइप करायचं सॉफ्टवेअर 1997 पासूनचं नावाजलेलं आहे आणि स्वतःचे हुकूम बनवायला उत्तम, पण मराठी त्यातही नाही. नोंदी मराठीत असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता फॉर्म. अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवर वीस रकाने दिसत असले, तरी विंडोजच्या लेखी कर्सर ज्यात आहे तेवढाच खरा टेक्स्ट बॉक्स असतो. बाकीचे अ‍ॅक्सेसने नुसते रंगवलेले. त्यामुळे ‘मागचा शब्द बदल’ असले हुकूम तिथे हमखास घसरतात. पत्ता किंवा शेरा असा लांब मजकूर असेल तर शिफ्ट आणि एफ2 ने झूम बॉक्स (त्याच रकान्याची मोठी खिडकी) उघडा, त्यात सलग बोला, वाचून घ्या आणि ओके म्हणा.

बटणांचं दुखणं वेगळं. व्हॉइस अ‍ॅक्सेस बटणाचं नाव वाचून ‘क्लिक सेव्ह’ ऐकतं. बटणावर ‘जतन करा’ असेल तर इंग्रजीच ऐकणाऱ्या त्याला ते नाव कळतच नाही. नुसतं फ्लॉपीचं चित्र असेल तर नावच नाही. ‘शो नंबर्स’ म्हटलं की प्रत्येक बटणावर आकडा येतो, पण दिवसभर आकडे म्हणून म्हणून जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा अ‍ॅक्सेसच्या कळा वापरा: रेकॉर्ड सेव्ह करायला शिफ्ट-एंटर, नव्या रेकॉर्डला कंट्रोल आणि अधिक, आजची तारीख टाकायला कंट्रोल आणि अर्धविराम, आधीच्या रेकॉर्डमधलं तेच गाव पुन्हा हवं असेल तर कंट्रोल आणि अपॉस्ट्रॉफी. शेवटची कळ तर सोन्यासारखी. एकाच गावाचे पंधरा अर्ज आले की पटेल. व्हॉइस शॉर्टकटमध्ये या कळांना तुमच्या जिभेवर बसतील अशी नावं द्या, म्हणजे नाव उच्चारलं की कळ आपोआप दाबली जाईल.

खरी परीक्षा असते क्रमांकांची. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे आणि शेवटी एक अक्षर. बी, डी, पी, टी यांतलं कुठलं म्हणालात हे शेजारी बसलेल्या माणसालाही कळत नाही, यंत्राला काय कळणार! म्हणून अशा रकान्यांना तपासणी लावून घ्या. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर पी असतं. आयएफएससीमध्ये (बँक शाखेच्या कोडमध्ये) अकरापैकी पाचवी जागा शून्याची. ओ आला तर रकान्याने घेताच कामा नये. आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून व्हर्हूफ नावाच्या गणिती पद्धतीने काढलेला असतो, त्यामुळे ऐकण्यात एक आकडा चुकला तरी तो लगेच पकडता येतो. व्हीबीएमध्ये (फॉर्मला सूचना लिहायच्या भाषेत) हे पानभराचं काम आहे, तुमच्या माणसाला अवघड नाही. गाव, तालुका, शाखा हे बोलून लिहूच नका, कॉम्बो बॉक्स (यादीतून निवडायचा रकाना) ठेवा आणि ‘लिमिट टू लिस्ट’ चालू करा, म्हणजे यादीबाहेरचं तो घेणार नाही. पिंपळगाव चार प्रकारे लिहिलं गेलं की पुढे यादी काढताना ताप होतो. मोबाईल नंबर एकेक आकडा इंग्रजीत सांगा. एकोणसाठ-एकोणसत्तरच्या नादी लागू नका.

एक सोय मला फार आवडते. विंडोजमध्ये एसएपीआय नावाचा बोलणारा भाग असतो, त्याला अ‍ॅक्सेसमधून हाक मारता येते. रकाना सोडला की तो खातेक्रमांक एकेक आकडा करून कानात वाचून दाखवतो. मान वर करून पडद्याशी ताडून बघायची गरज उरत नाही. हेडफोन मात्र हवाच, नाहीतर त्याचं बोलणं माइक पुन्हा ऐकतो.

डिलीट आवाजावर ठेवू नका. फॉर्मच्या प्रॉपर्टीत ‘अलाव डिलीशन्स’ नो करून टाका. रेकॉर्ड उडवायचाच असेल तेव्हा वेगळ्या फॉर्मवर जाऊन हाताने उडवा.

काउंटरवर बसत असाल तर जागा बदलून मागा. समोर चार सभासद उभे असताना पाचव्याचा आधार आणि शिल्लक मोठ्याने म्हणणं बरं दिसत नाही, आणि योग्यही नाही. घशाचंही बघा, दिवसभर सलग बोललात तर आठवड्यात आवाज बसेल. मोठा मजकूर तोंडाने, चार आकडे दुसऱ्या हाताने, अशी विभागणी चालते.

तुमचं अ‍ॅक्सेस हेड ऑफिसच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने उघडत असेल, तर नावाने क्लिक करणं आणि ‘शो नंबर्स’ दोन्हीवर पाणी सोडा. तुमच्या मशीनला तिथलं फक्त चित्र दिसतं. अशा वेळी सगळं कळांच्या शॉर्टकटवरच चालवावं लागतं. तसं असेल तर कमेंटमध्ये सांगा, आणि मशीनवर विंडोज 10 आहे की 11 तेही लिहा. 10 वर व्हॉइस अ‍ॅक्सेस नाही, जुनं स्पीच रेकग्निशन आहे, त्याची मांडणी वेगळी करावी लागेल.