जाहिरातीतली सवलत नाकारली, तर?

प्रश्न : मोबाइल ऑनलाइन घेतला, जाहीर केलेली सवलत मिळाली नाही. कंपनी बंगळुरूची आहे. तक्रार तिकडेच करावी लागेल का?

नाही, आपण सोलापुरात राहत असल्याने येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते.

प्रश्न : दुकानदार जाहिरातीतील बारीक अक्षरांतल्या 'अटी लागू'कडे बोट दाखवतो.

मोठ्या अक्षरांत दिलेले वचन बारीक अक्षरांत काढून घेता येत नाही, असे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही त्या अटी नेमक्या काय आहेत, हे पाहिल्याशिवाय मत देणे योग्य नाही. जाहिरात व पावती जाणकार वकिलांना दाखवा.

प्रश्न : नवी पेठेतील दुकानातून वॉशिंग मशीन घेतले. सोबत मिक्सर मोफत होता. 'माल आला की देतो' असे ऐकत पावणेदोन वर्षे गेली. नोटीस पाठवली की मुदत थांबते, असे शेजारी म्हणतात. खरे का?

हे साफ चुकीचे आहे, आणि याच ऐकीव माहितीपायी अनेकांची रास्त तक्रार हातची गेलेली मी पाहिली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते. नोटीस, पत्रव्यवहार किंवा दुकानदाराचे तोंडी आश्वासन यांनी ही मुदत वाढत नाही, आणि उशीर माफ करून घ्यायचा तर त्याचे सबळ कारण आयोगाला पटवून द्यावे लागते. जाहीर केलेली भेट न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य तर मला निव्वळ मुदत संपवण्याची युक्ती वाटते. जाहिरातीचे कात्रण, पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोप आजच एकत्र करा. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा, परंतु तिच्या उत्तरासाठी आयोगाकडील अर्ज अडवून ठेवू नका. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्कही नाही. कारण नेमके कधी घडले, हा वादाचा मुद्दा ठरू शकतो. म्हणून याच आठवड्यात वकिलांना भेटा.

प्रश्न : माझे दोन यंत्रमाग आहेत. जाहिरातीतील मोफत दुरुस्ती कंपनी नाकारते. धंद्यासाठी घेतले म्हणून मी ग्राहकच नाही, म्हणते.

व्यापारी हेतूने केलेली खरेदी कायद्याने वगळली आहे, मात्र केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू त्यात मोडत नाही. माग आपण स्वतः चालवता की कामगार, यावर बरेच अवलंबून आहे. खरेदीची कागदपत्रे घेऊन प्रत्यक्ष सल्ला घ्या.