शिष्यवृत्तीत बसतेस की नाही, आधी हे बघ

अगं, "आपलं उत्पन्न जास्त, आपल्याला कोण देणार" असं घरचे म्हणाले म्हणून गप्प बसू नकोस. अडीच लाखांची मर्यादा अनुसूचित जातींच्या भारत सरकार शिष्यवृत्तीची आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत खुल्या प्रवर्गासाठी ती 8 लाख. शिवाय 2024-25 पासून 8 लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. तू इंजिनीअरिंगला जाणार, म्हणजे हे तुझ्यासाठीच.

पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून हवा. आमच्या कळव्यातल्या एका मुलीने घराजवळचं कॉलेज हवं म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली. मार्क होते, उत्पन्नही बसत होतं, तरी चारही वर्षं फी पदरची भरली. फार वाईट वाटलं मला.

उत्पन्नाला बाबांची पगाराची स्लिप चालत नाही, तहसीलदारांचा दाखला लागतो. निकालानंतर सेतूत झुंबड उडते, म्हणून आत्ताच काढ.

आणि खातं! माझा महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज मंजूर झाला, पैसे मात्र येईनात. आधार जोडलेलं होतं शाळेत असताना उघडलेल्या खात्याला, आणि ते कधीच बंद पडलेलं. अर्जात कुठलाही खाते क्रमांक लिही, पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच जातात. उद्याच बँकेत जाऊन 'आधार सीडिंग' झालंय का ते विचार. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, तेव्हा लॉगिनचा पासवर्ड वहीत लिहून ठेव.