मोड आणि मटार घातलेले आशियाई धाटणीचे सॅलड शेवटपर्यंत कुरकुरीत कसे ठेवावे?

आपली अडचण अशी आहे की, मोड आलेले मूग, मटार, काकडी आणि गाजर यांत सोया सॉस व लिंबू घालून केलेले सॅलड पाने मांडून होईपर्यंत पाणी सुटून मऊ पडते. शिवाय मोड कच्चेच घालावेत की वाफवून, हेही आपण विचारले आहे. सोया सॉसमध्ये साधारणपणे 15 ते 18 टक्के मीठ असते आणि मीठ भाजीतले पाणी ओढून बाहेर काढते, हे लक्षात घेतले की पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. जे पाणी पुढे सुटणारच आहे ते आधीच काढून टाकावे, भाजीच्या अंगावर धुतल्याचे पाणी राहू देऊ नये, आणि सॉस अगदी वाढण्याच्या वेळी कालवावा.

प्रथम मोडांविषयी. आपण उसळीसाठी मुगाला जे बोटाच्या पेराएवढे मोड आणतो, त्यांत खाण्यात येतो तो मुख्यतः दाणा. कोरिया, चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया या देशांत मात्र मूग अंधारात चार-पाच दिवस वाढवून पाच-सहा सेंटिमीटर लांबीचे, पांढरेशुभ्र, जाडसर मोड काढतात आणि त्यांत महत्त्व असते ते देठाला. सॅलडमधला रसरशीत कुरकुरीतपणा या देठातून येतो, दाण्यातून नव्हे. शहरांतल्या मोठ्या भाजी दुकानांत असे मोड पाकिटात मिळतात, पण घरीही ते जमतात. मूग आठ-दहा तास भिजवून तळाला भोके असलेल्या डब्यात पसरावेत, वर ओले फडके घालून त्यावर छोटी ताटली आणि थोडे वजन ठेवावे, डबा झाकून अंधारात ठेवावा आणि दिवसातून तीन-चार वेळा भरपूर पाणी ओतून ते पूर्ण निथळू द्यावे. वजन ठेवण्याला कारण आहे: दाब पडला की कोंबांत इथिलीन नावाचा वायू अधिक तयार होतो आणि त्यामुळे देठ बारीक व लांबुडके न होता जाड होतात. उजेड लागला तर मोड हिरवे पडतात आणि चवीला किंचित कडवट लागतात. मटकी यासाठी वापरू नये. तिचे मोड बारीकच राहतात आणि तिची खरी जागा मिसळीत आहे.

आता कच्चे की वाफवलेले. ज्या ऊबदार ओलाव्यात मोड फुटतात, त्याच ओलाव्यात बियांवरचे जंतूही वाढतात आणि केवळ धुतल्याने ते जात नाहीत. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जंतूच्या साथीत 50 हून अधिक माणसे दगावली होती. म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसे किंवा आजारातून उठलेले कोणी पानावर असेल, तर त्यांच्यासाठी मोड नीट शिजवूनच घ्यावेत, मग कुरकुरीतपणा थोडा गेला तरी चालेल. इतरांसाठीही मी कच्चे मोड घालत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू लागले की मोड त्यात पाऊण ते एक मिनीट बुडवावेत, लगेच चाळणीत ओतून बर्फाच्या पाण्यात टाकावेत, आणि गार होताच उपसून हलक्या हाताने पिळावेत. कोरियातले सुकजू नामुल असेच करतात. त्यावर मीठ, ठेचलेला लसूण, कांद्याची पात, भाजलेल्या तिळांचे तेल आणि वरून तीळ एवढेच घालतात. एवढ्या साध्या पदार्थाची सगळी भिस्त त्या पिळण्यावर असते. न पिळलेल्या मोडांना मसाला धरत नाही आणि वाडग्याच्या तळाशी खारट पाणी साचते.

मटाराच्या बाबतीत ताजेपणाला पर्याय नाही, कारण शेंगा तोडल्यापासून दाण्यातली साखर पिठूळ होऊ लागते. पुरंदरचा कोवळा वाटाणा मिळाला तर दाणे दीड मिनीट उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाकावेत. जून दाणे सॅलडमध्ये घालण्याच्या भानगडीत पडू नये. फ्रोझन मटार आधीच उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, त्यामुळे त्यांना गरम पाण्यात एखादे मिनीट पुरते. रंग टिकावा म्हणून पाण्यात खायचा सोडा घालण्याची सवय अनेकांना असते, परंतु सोड्याने दाणे लिबलिबीत होतात. सालासकट खाता येणाऱ्या चपट्या शेंगा, ज्या बाजारात स्नो पीज म्हणून मिळतात, त्या मिळाल्या तर अवश्य घ्याव्यात: घेवड्याच्या काढतो तशा दोन्ही कडांच्या शिरा काढून अर्धा मिनीट उकळत्या पाण्यात बुडवाव्यात आणि गार करून तिरप्या चिराव्यात.

काकडी हे पाणी सुटण्याचे सर्वांत मोठे कारण. तिच्या मधल्या बिया चमच्याने खरवडून काढाव्यात, फोडींना थोडे मीठ चोळून पंधरा मिनिटे चाळणीत ठेवाव्यात आणि मग पिळून घ्याव्यात. गाजर किसू नये, काडीसारखे बारीक चिरावे. सगळ्या भाज्या स्वच्छ पंचावर पसरून कोरड्या कराव्यात आणि वाढेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

चार माणसांसाठी 200 ग्रॅम मोड, एक वाटी मटार, एक काकडी आणि एक गाजर घेतल्यास सॉसचे प्रमाण असे धरावे: दीड मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा लिंबाचा रस, एक लहान चमचा साखर, तितकेच किसलेले आले, लसणाची एक पाकळी आणि दोन लहान चमचे भाजलेल्या तिळांचे तेल. आपल्याकडचे घाण्याचे तेल बहुधा न भाजलेल्या तिळांचे असते, त्याला तो खमंग वास नसतो. तेच वापरायचे असेल तर दोन चमचे तीळ खरपूस भाजून, भरड कुटून त्यात मिसळावेत. लिंबाने मटाराचा हिरवा रंग थोड्याच वेळात शेवाळी पडतो, म्हणून सॉस वेगळ्या वाटीत तयार ठेवावा आणि जेवायला बसताना कालवावा.

पाहुण्यांच्या गडबडीत हे वेळापत्रक सांभाळणे शक्य नसेल, तर म्यानमारची पद्धत पाहावी. तिथल्या थोउक नावाच्या कालवलेल्या पदार्थांत भाजलेले हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, दाण्याचे कूट, तळलेला कांदा किंवा लसूण आणि लिंबू घालतात. सुटलेले पाणी ते पीठ शोषून घेते आणि मसाला भाजीला चिकटून राहतो. वरील प्रमाणाला दीड मोठा चमचा बेसन कोरडेच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून घातले तर पुरते. माझ्या मते आपल्या जिभेला ही चव कोरियन चवीपेक्षा लवकर रुचते, आणि दाण्याचे कूट व लिंबू घरात असतेच. तळलेला कांदा मात्र अगदी शेवटी, पानात वाढल्यावर पेरावा.

यातूनही सॅलड उरलेच, तर दुसऱ्या दिवशी ते तसेच वाढू नये. पाणी निथळून टाकून कढईत मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे परतावे आणि गरम भाताबरोबर घ्यावे.