शेतकऱ्यांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं: लायनर निघेना, पण ब्लॉक वाचवायचाय

प्रश्न: आमच्याकडे वडिलांच्या काळातला एचएमटी झेटर 2511 आहे. निळा धूर आणि ऑइल खातोय म्हणून इंजिन खोललं. एक लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) निघाला, दुसरा जागचा हलत नाही. मिस्त्री म्हणतात खालून घण घालू, नाहीतर छिन्नीनं फोडू. रेडिएटरला बोअरचं पाणी वापरतो. ऊसतोड तोंडावर आली आहे. काय करावं?
– एक शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर: दादा, घण आधी बाजूला ठेवायला सांगा. लायनर दुकानात मिळतो, ब्लॉक, म्हणजे लायनर ज्यात बसतात तो इंजिनाचा मुख्य सांगाडा, मिळत नाही. हरियाणातल्या पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय सरकारनं 2016 साली घेतला. आता तुमच्या ब्लॉकला तडा गेला तर भंगारवाल्यांकडे दुसरा शोधत फिरण्यावाचून इलाज नाही.

झेटरचा लायनर ओला, म्हणजे त्याच्या अंगाला बाहेरून थेट पाणी लागतं. वरची कॉलर ब्लॉकच्या खाचेत बसते, खाली रबरी ओ-रिंग पाणी अडवतात. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं नेमकी ही रिंगांची जागा धरते. गंज आणि क्षार मिळून तिथं सिमेंटसारखा थर बसतो. खालून घण घातला की मार लायनरच्या एकाच कडेवर बसतो, लायनर तिरका होतो आणि आणखीच आवळतो. कड तुटून तुकडा ब्लॉकमध्ये रुतला तर रिंगांची जागा खरवडते, मग नवा लायनर घालूनही पाणी खालच्या ऑइलच्या चेंबरात उतरतं.

लायनर सरळ वर ओढायचा. निघालेला लायनर फेकू नका, त्याच्यावरून माप घेऊन लेथवर जाड लोखंडी चकती पायरी काढून फिरवून घ्या. पायरीचा वरचा भाग लायनरच्या आत सैल बसावा. खालचा भाग लायनरच्या जाडीवर टेकावा, पण बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित कमीच असावा, नाहीतर तो ब्लॉकलाच धरून ओढेल. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा, उतरवलेली बरी. उतरवायची नसेल तर चकतीच्या दोन बाजू कापून चपट्या करा, म्हणजे ती वरूनच तिरकी करून खाली सोडता येते. क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसते त्या गुळगुळीत भागावर) कापड गुंडाळा, कारण वरून खपल्या पडणार. चकतीतून लांब बोल्ट वर घ्या आणि वर चॅनलची आडवी पट्टी ठेवा. पट्टीचे पाय ब्लॉकच्या भरीव भागावर हवेत, आणि लायनर वर यायला खाली पुरेशी जागा हवी.

पाणी आधी पूर्ण काढा. कॉलरच्या भोवती आणि खालून रिंगांच्या सांध्यात गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी नट आवळा, थांबा, खालून चकतीवर लाकडी ठोकळा लावून हलके ठोके द्या, परत आवळा. इथं घाई नको. कधीतरी ‘कट्’ असा आवाज येतो आणि पान्यावरचा जोर एकदम उतरतो. तिथून पुढं लायनर सहज येतो. बाहेर आल्यावर त्याचं अंग बघा: पाण्याच्या बाजूला बारीक खड्डे, ओ-रिंग प्लॅस्टिकसारख्या कडक झालेल्या.

एवढं करूनही हलला नाही, तर लायनरच्या आतून उभ्या दोन-तीन रेघा वेल्डिंगच्या ओढा आणि थंड होऊ द्या. वेल्डिंग थंड होताना आकसतं, लायनर आत ओढला जातो आणि पकड सुटते. आजूबाजूचं डिझेल, ऑइल पुसून घ्या, बॅटरीची वायर काढा, डोळ्यांना चष्मा लावा.

खरी मेहनत यानंतरची, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी टाळली जाते. वॉटर जॅकेटमधला, म्हणजे ब्लॉकमध्ये लायनरभोवतीच्या पाण्याच्या जागेतला क्षार खरवडून काढा. रिंगांची जागा बोटानं चाचपा. खोल खड्डे लागले तर ब्लॉक बेळगावला उद्यमबागेतल्या चांगल्या मशीन शॉपमध्ये दाखवा. कॉलरच्या खाचेत कणभरही घाण राहता कामा नये. लायनर आधी रिंगांशिवाय बसवून बघा: तो ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर राहायला हवा, आणि दोन्ही लायनर सारखेच. किती वर, ते मॅन्युअलमधून घ्या. मग नव्या रिंगांना साबणाचं पाणी लावून लायनर हातानं दाबून बसवा. इंजिन जोडण्याआधी जॅकेटमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब दिसला तर लायनर परत काढा, तसाच पुढं रेटू नका.

आणि लायनर झिजला कशानं तेही बघा. उसाच्या फडातली धूळ ऑइल-बाथ एअर क्लीनरमधून (ऑइलवर हवा गाळणाऱ्या डब्यातून) आत गेली की पिस्टनच्या वरच्या रिंगेपाशी सगळ्यात जास्त झीज होते. क्लीनरचं ऑइल आणि त्याच्या नळीचे सांधे हंगामात वरचेवर तपासा. पुढं बोअरचं पाणी बंद, कूलंट घाला.

प्रश्न: मॅसी 1035 लाही हीच पद्धत चालेल का?
– खानापूरहून

उत्तर: नाही. त्याच्या पर्किन्स जातीच्या इंजिनात लायनर कोरडा असतो. भिंत पातळ, आणि लायनर पूर्ण लांबीभर ब्लॉकला घट्ट. तो खालून पायरीच्या चकतीनं प्रेसवर काढतात, किंवा मशीन शॉपमध्ये आतून कापून. छिन्नी अजिबात लावू नका, ब्लॉकच्या मूळ बोअरला (लायनर बसतो त्या भोकाला) ओरखडा पडला की नवा लायनर तिथं नीट टेकत नाही आणि उष्णता ब्लॉकमध्ये जात नाही. नवा घेताना तयार मापाचा आहे की बसवल्यावर आतून कापून घासून मापात आणावा (बोअरिंग-होनिंग) लागणारा, हे दुकानातच विचारून घ्या.